कोळशाच्या डोंगरातली पोरे आणि त्यांचा कॅमेरा

केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहराभोवतीची जमीन पाहिली की कोणाही शेतकऱ्याला हेवा वाटावा. खाली चुनखडीचा दगड, वर सुपीक माती आणि नजर पोचेल तिथवर हिरवे गवत. त्या गवतावर शर्यतीचे घोडे पोसले जातात. मळ्यांना लाकडी फळ्यांची कुंपणे, अधूनमधून मक्याची शेते आणि तंबाखू वाळवायची उंच काळी कोठारे. आमच्या ह्यांचे आजोळ निपाणीकडचे. कोठार दिसले की मोटार थांबवायची आणि फळ्यांच्या फटीतून आत डोकवायचे, असा त्यांचा नेमच होऊन बसला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तीन महिने लेकीकडे राहिलो, त्या वेळची ही गोष्ट.

लेक तिथल्या एका शाळेत शिकवते. मीही पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली. त्यामुळे आम्हा मायलेकींच्या गप्पा फिरून फिरून मुलांवरच येतात. एकदा ती म्हणाली, "आई, इथून तीन तासांवर डोंगरात एक गाव आहे. तिथली पोरं आपल्याच गावाचे सिनेमे काढतात आणि मग स्वतःच बसून त्यातल्या खोडी काढतात. चल, तुला दाखवते." ह्यांना सिनेमात रस नव्हता, पण डोंगरातली शेती बघायला मिळेल म्हणून तेही तयार झाले. जावईबापूंनी शुक्रवारची रजा काढली आणि आम्ही सकाळी सातलाच निघालो.

तासाभरात सपाटी संपते आणि रस्ता डोंगरात शिरतो. आपल्या सह्याद्रीसारखे उघडे काळे कडे इथे नाहीत. गर्द झाडीने झाकलेले, एकाला एक चिकटलेले डोंगर, आणि दोन डोंगरांच्या मध्ये जेमतेम एक ओढा, एक रस्ता आणि घरांची एक रांग मावेल एवढी जागा. अशा घळीला तिथले लोक 'हॉलर' म्हणतात. सपाट जमीन म्हणजे ओढ्याकाठची पट्टी. तिच्यात मका, घेवडा, बटाटे. पूर्वी उतारावरही मका पेरत, आता तिथे झाडी माजली आहे. काही ठिकाणी तर झाडेही दिसत नाहीत, एका वेलाने सगळे पांघरूण घातल्यासारखे झाकून टाकलेले. हा कुडझू नावाचा जपानी वेल. माती धुपू नये म्हणून १९३० नंतरच्या काळात सरकारनेच शेतकऱ्यांना पैसे देऊन तो लावायला लावला. आता तो कोणाला आवरत नाही. ह्यांनी खाली उतरून एक पान तोडले, चुरगाळून वास घेतला आणि म्हणाले, "म्हणजे इथलं गाजरगवत म्हणायचं!" फरक इतकाच की गाजरगवत आपल्याकडे कोणी मुद्दाम आणून लावले नव्हते.

जॅक्सन, हॅझर्ड ही गावे मागे टाकून आम्ही व्हाइट्सबर्गला पोचलो. लेचर काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तालुक्याचे, हे ठाणे. वस्ती दोन हजारांच्या आतली. केंटकी नदीचा उत्तरेकडचा फाटा गावातून वाहतो. नदी कसली, आमच्या गावच्या ओढ्याएवढी! पण या नदीबद्दल पुढे सांगायचे आहे.

पोरांच्या सिनेमाकडे वळण्याआधी त्या जमिनीची हकिकत सांगायला हवी. त्याशिवाय ही पोरे कॅमेरा घेऊन का बसली ते कळायचे नाही. शिवाय आपण शेतकरी माणसे, खरेदीखताची गोष्ट आपल्याला पटकन समजते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षे बाहेरच्या भांडवलदारांचे दलाल या घळीघळींतून फिरले. जमीन तुमचीच राहील, घर तुमचेच, मका तुमचाच, फक्त जमिनीच्या पोटात जे काही असेल ते आम्हाला लिहून द्या, असा त्यांचा सौदा. एकरी अर्धा डॉलर, एक डॉलर, क्वचित थोडे जास्त. पुष्कळांना लिहिता वाचता येत नव्हते, त्यांनी खताखाली फुली मारली. कोळसा काढायला लागेल ते सर्व करण्याचा हक्क खरेदीदाराला, असे त्या खतात लिहिलेले होते. त्या काळी खाण म्हणजे डोंगराला एक भोक आणि आत जाणारी माणसे. वरच्या पिकाला त्याचा काय त्रास? १९११-१२ च्या सुमारास रेल्वे आली, कंपन्यांनी वसाहती उठवल्या, कंपनीचे घर, कंपनीचे दुकान, आणि पगारही कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या नाण्यांत.

पुढे बुलडोझर आले. डोंगर पोखरण्यापेक्षा वरची माती, झाडे, पिके ओरबाडून टाकून कोळसा उचलणे स्वस्त पडू लागले. नातवंडांनी आरडाओरडा केला, तर कंपनीने आजोबाची फुली पुढे केली, आणि न्यायालयांनीही ते खत कंपनीच्या बाजूनेच वाचले. नोव्हेंबर १९६५ मध्ये शेजारच्या नॉट काउंटीत ओली कोम्ब्स नावाची ६१ वर्षांची विधवा आपल्या घरामागे बुलडोझरच्या पुढ्यात जाऊन बसली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेले. तो फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि राज्यभर गाजला. तरी खनिजाच्या या खतांना वेसण घालायला १९८८ साल उजाडले. त्या वर्षी केंटकीच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने राज्यघटना दुरुस्त केली, आणि जमीनमालकाची संमती नसेल तर असे वरून खोदायचे नाही, असे ठरले. ह्यांनी हे सगळे जावईबापूंकडून दोनदा समजून घेतले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

कोळसाही कायम हात देईना. १९५० च्या सुमारास खाणीत यंत्रे आली, माणसे नको झाली. लेचर काउंटीत १९४० साली चाळीस हजारांवर माणसे होती, २०२० च्या शिरगणतीत ती साडेएकवीस हजार भरली. पोरगे शाळा संपवते आणि ओहायोची किंवा डेट्रॉइटची वाट धरते. आपल्याकडे माणदेशातून, कोकणातून मुंबईची वाट धरतात तसे.

आणि मग आले कॅमेरेवाले. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते पूर्व केंटकीतल्या एका बेकार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसले. त्यांच्यामागून वृत्तपत्रे आली, दूरचित्रवाणी आली. फाटके कपडे, मळकी पोरे, मोडके जिने, एवढेच टिपायचे आणि जायचे. हेतू वाईट नसेलही. पण ज्याच्या घरचे चित्र जगभर जाते, त्याला स्वतःच्या पोरासोरांसमोर मान खाली घालावी लागते. कोळसा बाहेरच्यांनी नेला, आता अब्रूही न्यायला आले, अशी भावना तिथे पसरली. सप्टेंबर १९६७ मध्ये याच लेचर काउंटीतल्या जेरेमाया या वस्तीत ह्यू ओ'कॉनर नावाचा कॅनडाचा चित्रपटकार एका खाणकामगाराचे चित्रण करीत होता. घर भाड्याचे होते. घरमालक बंदूक घेऊन आला, निघून जा म्हणाला, आणि चित्रपटवाले सामान घेऊन परतत असतानाच त्याने गोळी घातली. ओ'कॉनर जागीच गेला. मालकाला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण वर्षभरातच तो पॅरोलवर सुटला. गावातल्या कित्येकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे होती. माणूस मारणे हे पापच, त्यात दुमत नाही. पण ते गाव असे का वागले हे समजून घ्यायला तीस वर्षे लागली आणि ते काम केले त्याच भागात वाढलेल्या एका बाईने. एलिझाबेथ बॅरेट यांनी त्या खुनावर २००० साली माहितीपट काढला. त्यांचा हात कॅमेऱ्यावर बसला तो व्हाइट्सबर्गलाच.

कारण त्या खुनानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, याच गावात सरकारी पैशाने पोरांसाठी चित्रपटाची एक कार्यशाळा सुरू झाली होती. बिल रिचर्डसन नावाचा नुकताच वास्तुशास्त्र शिकून बाहेर पडलेला तरुण ती चालवायला आला. गरीब घरच्या मुलांना कॅमेरा शिकवायचा, म्हणजे त्यांना दूरचित्रवाणीत नोकऱ्या लागतील, असा सरकारचा हिशेब. मोठ्या शहरांतही अशा कार्यशाळा निघाल्या होत्या. पण व्हाइट्सबर्गला कुठली आली दूरचित्रवाणी? म्हणजे शिकायचे ते पुन्हा गाव सोडण्यासाठीच. पोरांनी मात्र वेगळेच केले. सरकारी पैसा आटला तेव्हा ती निघून गेली नाहीत. त्यांनी कॅमेरा ठेवून घेतला आणि स्वतःची संस्था केली. तिचे नाव ॲपलशॉप. त्या डोंगराळ मुलखाला इंग्रजीत ॲपलाचिया म्हणतात, त्यावरून. उच्चाराचीही तिथे गंमत आहे. बाहेरचा माणूस 'ॲपलेशा' म्हणतो, तिथला माणूस 'ॲपलॅचा' म्हणतो, आणि एवढ्यावरून कोण आपला आणि कोण परका ते ओळखतात.

नदीच्या अगदी काठावर संस्थेची लाकडी फळ्यांनी मढवलेली इमारत होती. आत लहानसे नाट्यगृह, आकाशवाणी केंद्र, चित्रफितींचा साठा. भोवतालच्या डोंगरांत मोठमोठे तुरुंग झाले आहेत. आठवड्यातून एका रात्री या आकाशवाणीवरून कैद्यांच्या आयाबहिणी आपला निरोप सांगतात आणि तो तुरुंगात ऐकू येतो. हे कळल्यावर मला त्या इमारतीविषयी आपुलकीच वाटू लागली.

जेवायला तिथली मंडळी जातात तिथेच गेलो. मक्याची जाड भाकरी म्हणावी असा पाव, शिजवलेला पांढरपट घेवडा आणि वर चिरलेला कच्चा कांदा! जन्मभर ओळखीचे जेवण. मात्र घेवड्यात डुकराची चरबी घालायची रीत आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी विचारून घ्यावे.

दुपारी नाट्यगृहात आम्हाला जुने चित्रपट दाखवले. पहिला १९७१ चा, दहाएक मिनिटांचा. लेचर काउंटीतला वूड्रो कॉर्नेट नावाचा खाटीक डुक्कर कसे कापतो, एवढाच विषय. दुसरा त्याच वर्षीचा, हर्ब स्मिथ यांचा. हा खाणकामगाराच्या घरातला मुलगा १९६९ मध्ये अजून शाळेत होता. शाळा संपलेल्या पोराने बापाच्या खाणीत उतरावे की गाव सोडावे, हा त्या चित्रपटातला पेच. स्वतः स्मिथ गावातच राहिले आणि पुढे पन्नास वर्षे चित्रपट काढत राहिले. तिसरा १९७५ चा, मिमी पिकरिंग यांचा. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसा कंपनीने खाणीच्या गाळाचा घातलेला बांध फुटला, १२५ माणसे वाहून गेली, आणि कंपनी म्हणाली ही देवाची करणी. चित्रपटाच्या नावातच उत्तर आहे : ही माणसाची करणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत २००५ साली त्याची नोंद झाली.

खाटकाच्या चित्रपटाला ह्यांनी मोठी दाद दिली. सुरी कशी धरली होती ते त्यांना परतीच्या वाटेवरही आठवत होते. मला वाटते त्या पोरांचे मर्म तिथेच आहे. बाहेरचा कॅमेरा आला असता तर त्याने खाटकाचे मळके घर दाखवले असते, पोरांनी त्याचा हात दाखवला.

पण त्या पहिल्या पोरांची एक अडचण होती. तेव्हा रिळावर चित्रण व्हायचे. रीळ लांबच्या शहरात धुवायला धाडायचे आणि वाट बघायची. परत येईपर्यंत तो प्रसंग, तो उत्साह, सगळे थंड झालेले. व्हिडिओ आला आणि ही गोष्ट पालटली. आत्ता टिपले, आत्ता पाहिले. १९८८ मध्ये ॲपलशॉपने खास तरुण मुलांसाठी वेगळा विभाग काढला. चौदा-पंधरापासून विशीच्या आगेमागेपर्यंतची आसपासची मुले-मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे काम करतात, आणि काम म्हणून त्यांना मोबदला मिळतो. हे मला फार आवडले. शिकवायला बरेचदा मागच्या वर्षी शिकून गेलेली मुलेच असतात. दोघातिघांचा गट, एक कॅमेरा, एक विषय. विषय ज्याचे त्यानेच निवडायचे. कोणी दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोखरलेल्या घरांवर काढतो. १९९६ पासून या गोळ्यांनी तो मुलूख फार नासवला. कोणी आपल्या बोलीवर काढते, कारण शहरात तोंड उघडले की हसतात. ही बोली इतकी निराळी की बारा वर्षे तिथे राहिलेल्या माझ्या लेकीलाही दर दोन वाक्यांनी 'काय म्हणालात?' असे विचारावे लागत होते.

आम्ही गेलो त्या दुपारी एका खोलीत चार मुले एका पडद्यासमोर बसली होती. सोळा वर्षांच्या एका मुलाने आजीचे चित्रण केले होते. विषय काय, तर घेवड्याच्या शेंगा वाळवणे. कोवळ्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून त्यांच्या माळा ओसरीवर टांगायच्या. त्या सुकून तपकिरी, सुरकुतलेल्या झाल्या की हिवाळ्यात भिजवून शिजवायच्या. तिथले लोक त्यांना गमतीने 'चामड्याच्या विजारी' म्हणतात. मला आमच्या गच्चीवरच्या गवारीच्या सांडग्यांची आठवण झाली. त्या मुलाने चार मिनिटांची जोडणी करून आणली होती. मागे बँजोचे संगीत. आम्हाला तर छान वाटले.

पोरांना मात्र वाटले नाही. एका मुलीने विचारले, आजीचे हात इतका थोडा वेळ का? दुसरा म्हणाला, शेंग मोडल्याचा आवाज कुठे आहे? तू वर गाणे का घातलेस? मुलगा जरा घुश्श्यात आला. पण त्याने गाणे काढून टाकले आणि तेच चित्र पुन्हा लावले. आता शेंगांचा कट्कट् आवाज ऐकू येऊ लागला. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट ऐकू आली. आजी सांगत होती की अशाच शेंगा ओवत होते त्या वर्षी खाण बंद झाली आणि थोरला ओहायोला... तेवढ्यात कॅमेऱ्यामागून पोराचा आवाज, यात मीठ किती घालायचे?

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्याने ते तीनदा मागे नेऊन ऐकले. चित्रण करताना हे त्याच्या ध्यानीही आले नव्हते. त्याचे सगळे चित्त शेंगांच्या कृतीत होते, प्रश्नांचा कागद हातात होता आणि पुढचा प्रश्न मिठाचा होता. लेकीने हे सगळे मला हळू आवाजात मराठीत सांगितले.

मी वर्गात मुलांच्या वह्यांवर लाल शाईने खुणा करण्यात आयुष्य घालवले. लाल खूण मुलगा पाहतो आणि पान उलटतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. इथे मास्तर नव्हता आणि लाल शाईही नव्हती. त्याचाच आवाज त्याच्याच कानांवर आला होता.

नंतर त्या मुलीने कॅमेरा त्याच्याकडेच वळवला आणि त्याला बोलायला लावले. तू काय टिपायला गेला होतास, काय टिपले, काय राहिले, आता काय करशील? तो बोलताना अडखळत होता, कान लाल झाले होते. पण बोलला. नुसते तोंडी बोललेले दुसऱ्या दिवशी विसरता येते, टिपलेले विसरता येत नाही, म्हणून हा खटाटोप असावा. आपल्याकडे आता घरोघरी मोबाइल आहे आणि पोरे रोज स्वतःला टिपतात. गॅदरिंगच्या लेझमीचे चित्रण तर शंभर जण करतात. ते पाहायचे असते ते आपण कसे दिसलो यासाठी. इथे ती मुले पाहत होती ती आपण काय केले यासाठी. यंत्र तेच आहे.

ह्यांना आतापर्यंत गप्प राहवले होते तेच नवल. त्यांनी लेकीला विचारायला लावले, "या सगळ्यात पोटापाण्याचं काय?" शिकवणाऱ्या तरुणाने सरळ उत्तर दिले. इथे शिकलेली पुष्कळ मुले गाव सोडून जातात, काही परत येतात, कॅमेऱ्याने खाणी परत आणल्या नाहीत. फुशारकी नाही की रडगाणे नाही. ह्यांना ते उत्तर आवडले, कारण त्यांनी त्याला खिशातली बडीशेप देऊ केली.

उन्हाळा संपता संपता मुलांचे चित्रपट गावाला दाखवायचा दिवस आला. आमचे परतीचे तिकीट चार दिवसांवर होते, तरी मी हट्ट धरला आणि आम्ही पुन्हा तीन तास मोटार हाकली. नाट्यगृह भरले होते. आईबाप, शेजारी, पाद्री, दोन-तीन तान्ही मुले. शेंगांचा चित्रपट तिसरा लागला. मला उत्सुकता होती की आजीची ती तुटलेली गोष्ट पुरी झाली का.

झाली नव्हती. मुलगा कॅमेरा घेऊन पुन्हा तिच्याकडे गेला होता. तिने शेंगा ओवल्या, गप्पा मारल्या, पण थोरल्याबद्दल काही म्हटले नाही. त्याने विचारले तर ती म्हणाली, ते झालं ते झालं. अशा गोष्टी माणसाच्या तोंडून हात कामात असताना एकदाच निघतात, पुन्हा बोलावून येत नाहीत. मग त्याने काय करावे? त्याने पहिलेच चित्र ठेवले. आजीचे वाक्य, मध्येच आपला मिठाचा प्रश्न, आणि लगेच त्या दुपारचे स्वतःचे लाल कानांचे चित्र, मी तिला बोलू दिले नाही असे सांगताना. त्यानंतर दीड-दोन मिनिटे नुसते आजीचे हात आणि शेंगांचा कट्कट् आवाज. सगळे नाट्यगृह चिडीचूप. आजी पहिल्या रांगेत बसली होती. दिवे लागल्यावर लोक तिच्याभोवती जमले. ती तशीच बसून होती, नातू शेजारी उभा. ती त्याला काहीतरी सांगत होती. काय ते आम्हाला ऐकू आले नाही, आणि त्या वेळी जवळ कॅमेराही नव्हता.

आम्ही परत आलो. पुढची दोन वर्षे करोनाने कोणाला कुठे हलू दिले नाही. २८ जुलै २०२२ च्या पहाटे पूर्व केंटकीत ढगफुटीसारखा पाऊस झाला. अरुंद घळी आणि ओढ्याकाठची घरे. चाळीसहून अधिक माणसे गेली. खाणींनी डोंगर उघडे बोडके केल्यामुळे पाणी थांबायला जागाच उरली नाही, असे तिथले लोक म्हणतात. आमच्या ओढ्याएवढी म्हटलेली ती नदी व्हाइट्सबर्गमध्ये कधी आली नव्हती एवढी वर आली. ॲपलशॉपच्या इमारतीत पाणी शिरले, नाट्यगृहात शिरले, पन्नास वर्षांच्या चित्रफितींच्या साठ्यात शिरले. पाणी ओसरले तेव्हा रिळे, व्हिडिओच्या फिती, फोटो, सगळे चिखलात.

लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज घरचे कोणी गेल्यासारखा होता. मी पहिल्यांदा त्या आजीचे विचारले. तिला माहीत नव्हते. कोणाला विचारायचे तेही माहीत नव्हते.

संस्थेने साठा सोडून दिला नाही. ओली फीत तशीच सुकली तर थरावर थर चिकटतो आणि बुरशी धरते, म्हणून त्या थंडगार जागी ठेवायच्या आणि मग एकेक सोडवून जाणकारांकडून स्वच्छ करून घ्यायच्या, असे काम सुरू झाले. मदतीला लांबलांबून लोक आले. गावातली मुलेही होती. लेक एका शनिवारी गेली. तिला भिजलेले फोटो एकमेकांपासून सोडवायचे काम मिळाले. हातमोजे घालून, स्वच्छ पाण्यात बुडवून, एकेक वेगळा करायचा आणि जाळीवर पसरायचा. कोणाचे लग्न, कोणाची खाणीतली टोळी, कोणाचा मक्याचा ढीग. दिवसभरात तिचे दीडशे फोटो झाले. आमच्या जावईबापूंच्या मोटारीत चिखलाचा वास पंधरा दिवस राहिला म्हणे.

त्यानंतर ती आणखी दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला जाताना मी इथून धाडलेली जुन्या मऊ धोतराची फडकी तिने नेली. पुसायला त्याहून चांगले काही मिळत नाही, असा तिचा निरोप आला. ह्यांनी लगेच आणखी दोन धोतरे फाडायला काढली, त्यातले एक अगदी बरे होते.